सासूबाईंनी माझ्या फिगर भाच्याला खेळायला दिल्या

पत्र : ताई, मी ३१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षं मी सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या फिगर, म्हणजे बाहुल्या, जमवतेय. बहुतेक फंको पॉप आहेत (फंको या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या डोक्याच्या बाहुल्या), थोड्या जुन्या धाटणीच्या, कार्डावर चिकटवलेल्या रिॲक्शन फिगर. सगळ्या मिळून साठेक असतील. हॉलमधल्या उघड्या शेल्फवर त्या बॉक्ससकट मांडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचा पाच वर्षांचा मुलगा राहायला आला होता. मी ऑफिसात असताना सासूबाईंनी त्याला चार पॉप खेळायला काढून दिले. तीन बॉक्स फाटले, एकाचं डोकं स्प्रिंगसकट निघालं, आणि चौथा पॉप तो बॉक्ससकट घरी घेऊन गेला. मला रडू आलं तर सासूबाई म्हणाल्या, 'बाहुल्यांसाठी रडतेस? पोराला खेळायला दिलं तर काय बिघडलं?' नवरा म्हणतो, 'विकून टाक सगळं. असल्या वस्तूंना लाखो रुपये येतात म्हणे, घराचा हप्ता तरी हलका होईल.' एकेक फिगर हजार-दीड हजारांची आहे हे मी घरात कधी सांगितलेलंच नाही. मी बालिशपणा करतेय का? गेलेली फिगर परत मागू का? खरंच विकून टाकू? नाही विकलं तर उरलेलं नीट कसं ठेवू? अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून एक फिगर मागवली आहे, ती रद्द करू का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

नाही, तुम्ही बालिशपणा करत नाही आहात. स्वतःच्या पगारातून, निवडून निवडून जमवलेल्या वस्तू कुणी न विचारता उघडल्या, त्यातली एक घराबाहेर गेली, आणि वर बोलणीही तुम्हीच खाल्लीत. रडू येणारच. त्या जागी तुमच्या साड्या असत्या तर 'काय बिघडलं' असं कुणी म्हटलं नसतं. दुसऱ्याची वस्तू देण्याआधी त्याला विचारायचं, हे खेळण्यालाही लागू आहे आणि सासूबाई तिथे चुकल्या. हे आधीच लिहून टाकते, कारण आता मी त्यांचीही बाजू मांडणार आहे. ती वाचताना तुमचं दुःख मी हलकं लेखतेय असं वाटायला नको.

त्यांना काय दिसत होतं बघा. हॉलमध्ये हाताला येईल अशा उंचीवर रंगीत खोकी. खोक्याच्या खिडकीतून दिसणारी साडेनऊ सेंटीमीटर उंचीची बाहुली, धडापेक्षा मोठं डोकं, काळेभोर गोल डोळे. समोर कंटाळलेला पाच वर्षांचा नातू. हे खोकं हजार-दीड हजारांचं आहे, सुनेने ते मुद्दाम बंद ठेवलंय, फाटलं तर त्याची किंमत उतरते, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं कारण तुम्ही सांगितलं नव्हतं. किंमत का लपवली तेही मी समजू शकते. 'एवढे पैसे यावर?' हा प्रश्न कुणालाच नको असतो. पण लपवलेल्या किमतीची वस्तू घरातल्यांच्या लेखी फुकटातलीच असते, तिला जपायचं कारण त्यांच्यापाशी नसतं.

म्हणून पहिलं काम सासूबाईंशी बोलण्याचं. नवऱ्यामार्फत निरोप नको, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोरही नको. दोघीच असताना, शेल्फसमोर उभ्या राहून बोला. काय बोलायचं ते तुम्हाला सुचेलच, पण सुरुवात मी सुचवते : 'आई, त्या दिवशी मी रडले ते तुम्हाला विचित्र वाटलं असेल. या माझ्यासाठी काय आहेत ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, आज सांगते.' मग एकेक हातात द्या. कुठल्या सिनेमातलं पात्र, तो सिनेमा कधी पाहिला, ही फिगर कुठून मिळवली, कितीला पडली. आकडाही सांगा, स्वच्छ सांगा. पैसे तुमचे आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवटी एवढंच : 'यापुढे यातलं कुणाला काही द्यायचं असेल तर मला विचारा, मी नाही म्हणेन असं नाही, पण विचारा.'

सासूबाईंना हे कळणार नाही असं धरून चालू नका. दिवाळीच्या किल्ल्यावरचे महाराज आणि मावळे आठवा. किल्ला मातीचा, तो मोडतोच, पण सिंहासनावर बसलेले महाराज, भाला घेतलेला मावळा, हत्ती, गवळण हे सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातं आणि पुढच्या वर्षी उतरतं. एखाद्या मावळ्याचा हात मोडला असेल तरी तो टाकवत नाही, किल्ल्यावर त्याला मागच्या ओळीत जागा मिळते. ज्या घरात हे चालतं तिथे छोट्या पुतळ्यांमध्ये जीव कसा गुंततो हे नव्याने शिकवावं लागत नाही. सासूबाईंना फक्त दाखवून द्यायला हवं की तुमचं शेल्फही त्याच जातीचं आहे.

आता नवऱ्याचा मुद्दा. यावर मी सगळ्यात सविस्तर लिहिणार आहे, कारण 'लाखोंचा भाव' या ऐकीव गोष्टीपायी माणसं चुकीची खरेदी करतात आणि चुकीच्या कारणासाठी विकतातही.

हा भाव मुळात कुठून आला ते पाहा. 'स्टार वॉर्स' हा सिनेमा अमेरिकेत मे १९७७ मध्ये आला. त्याच्या खेळण्यांचे हक्क सिनसिनाटीच्या केनर या कंपनीकडे होते. सिनेमा इतका चालेल अशी अपेक्षा नव्हती, त्यामुळे नाताळपर्यंत फिगर तयारच होऊ शकल्या नाहीत. मग केनरने त्या नाताळात चक्क एक रिकामं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. त्यात एक कुपन होतं. ते पोस्टाने पाठवायचं आणि पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, चार फिगर घरी यायच्या : ल्यूक, लीया, च्यूबाका आणि आर-टू डी-टू. आईबापांनी ती पाकिटं विकत घेतली, मुलांनी वाट पाहिली. त्याच वर्षी दुकानांत पहिल्या बारा फिगर आल्या. उंची साधारण पावणेचार इंच, म्हणजे तुमच्या पॉपइतकीच. ती उंची निवडण्यामागे साधं कारण होतं. सिनेमात अंतराळयानं होती आणि मुलांना पात्रं त्या यानांत बसवता यायला हवी होती. त्याआधी चालणाऱ्या बारा इंची बाहुल्यांच्या मापाने यान बनवलं असतं तर ते घरात मावलं नसतं.

ती मुलं त्या फिगरशी खेळली. कार्ड फाडून फेकलं, तलवारी हरवल्या, वाळूत पुरल्या, कुत्र्यांनी चावल्या, आयांनी कचऱ्यात टाकल्या. १९८५ पर्यंत ही मालिका चालली आणि थांबली. पुढे ती मुलं मोठी झाली, हातात पैसा आला, आणि लहानपणची फिगर कार्डासकट हवी असं त्यांना वाटू लागलं, तेव्हा अशा धड फिगर फारच थोड्या उरल्या होत्या. भाव चढला तो त्यामुळे. जावा नावाच्या पात्राच्या पहिल्या फिगरला प्लॅस्टिकचा पातळ झगा होता. तो हलका दिसतो म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. आज कापडी झग्याचा जावा बऱ्यापैकी मिळतो, प्लॅस्टिकच्या झग्याच्या जावासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात आणि नकली झगे शिवणारेही आहेत. बोबा फेट या पात्राच्या पाठीवरून उडणारं रॉकेट असलेली फिगर तर विक्रीला आलीच नाही. दुसऱ्या एका खेळण्यातलं उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मूल दगावलं, तेव्हा केनरने तो विचार सोडला आणि रॉकेट पाठीला कायमचं चिकटवून टाकलं. त्या रॉकेटवाल्या फिगरचे मोजके नमुने मागे राहिले. त्यातल्या एकाला २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. तुमच्या नवऱ्याने ऐकलेला लाखोंचा भाव हा असल्या वस्तूंचा आहे.

आता पुढचा भाग, जो अशा ऐकीव गोष्टींत सांगितला जात नाही. १९९५ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या फिगर पुन्हा बाजारात आल्या. या वेळी लोक शहाणे झाले होते. मोठ्या माणसांनी त्या पेट्याच्या पेट्या घेतल्या आणि न उघडता कपाटात ठेवल्या. १९९९ मध्ये नव्या सिनेमाच्या वेळीही तेच झालं. त्यातल्या बहुतेक फिगर आजही मूळ किमतीच्या आसपास विकल्या जातात, काही त्याहूनही कमी. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होणार कुठून?

आणि फंको पॉप तर जपून ठेवण्यासाठीच जन्माला आला. कंपनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्नोहोमिश या गावी सुरू झाली, डोकं हलणाऱ्या बाहुल्या बनवत. पॉप आले २०१० मध्ये. बॉक्सला खिडकी, बाजूला क्रमांक, एकावर एक रचता येईल असा आकार. बॉक्स शेल्फवर राहावा हे त्यात पहिल्यापासून गृहीत आहे. घेणारे बहुतांशी मोठी माणसं. त्यामुळे धड बॉक्समधले पॉप जगभर भरपूर आहेत. इतके, की २०२३ मध्ये गोदामात जागा उरली नाही म्हणून ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल नष्ट करणार असल्याचं कंपनीनेच जाहीर केलं होतं. ही बातमी नवऱ्याला आवर्जून सांगा. जो माल बनवणाराच नष्ट करतो त्याच्यावर घराचा हप्ता फिटत नाही.

काही पॉपना खरोखर भाव येतो हे खरं. उत्पादन कायमचं बंद झालेले, चाहत्यांच्या एखाद्या मेळाव्यापुरते काढलेले, किंवा 'चेस' म्हणजे नेहमीच्या फिगरमध्ये अधूनमधून मिसळलेली वेगळी आवृत्ती. तुमच्या साठांत अशा चार-सहा असू शकतील. त्या ओळखायच्या तर ॲपवर दिसणाऱ्या भावावर किंवा विक्रेत्याने मागितलेल्या किमतीवर जाऊ नका. मागायला काय, कुणीही दहा हजार मागेल. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहा. परदेशी लिलावस्थळांवर 'विकलेलं' एवढंच दाखवायची सोय असते. त्यातून पाठवणीचा खर्च वजा करा, शिवाय भारतात त्या किमतीला घेणारा मिळेल का याचाही विचार करा. मला वाटतं, हा हिशेब नवऱ्यासोबत बसूनच करावा. हिशेब डोळ्यांसमोर आला की लाखांचा विषय आपोआप हजारांवर येईल.

तर विकायच्या का? हप्त्यासाठी नाही. पण इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतील असं मला वाटतं. हा संग्रह तुम्ही पाहण्यासाठी करताय की पुढेमागे विकण्यासाठी? पत्रात तुम्ही फाटलेल्या बॉक्सबद्दल लिहिलंय, डोकं निघालेल्या फिगरबद्दल लिहिलंय, पण कुठली किती रुपयांनी उतरली असं एकदाही लिहिलेलं नाही. त्यावरून तरी मला वाटतं की तुमचा जीव पात्रात आहे. तसं असेल तर बॉक्स उघडा.

हे वाचून कदाचित दचकला असाल. संग्राहकांत यावरून भांडणं होतात हे मला माहीत आहे. तरी माझं मत पक्कं आहे. पॉपची गंमत कशात आहे? चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नाही, बहुतेकांना तोंडसुद्धा नाही. तरी केसांचं वळण, चष्मा, कोटाची कॉलर, हातातली काठी एवढ्यावरून आपण पात्र तात्काळ ओळखतो. कारागिराने शेकडो तपशील गाळून चार ठेवले आणि ते चार नेमके निवडले. हे पाहायचं तर फिगर सगळ्या बाजूंनी दिसली पाहिजे. पाठीमागची केशरचना, झग्याची घडी, पायाचा पवित्रा खिडकीतून दिसत नाहीत. शिवाय जागा. पॉपचा बॉक्स साधारण सोळा सेंटीमीटर उंच आणि अकराहून थोडा जास्त रुंद असतो, फिगर त्याच्या निम्म्याहूनही कमी जागा घेते. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ही बचत लहान नाही.

तुम्ही ज्या चार-सहा महाग ठरवाल त्या बॉक्समध्येच राहू द्या, आणि रिॲक्शन फिगरही कार्डावरून काढू नका. त्यांचा मामला वेगळा आहे. रिॲक्शनची कल्पनाच मुळी केनरच्या काळातल्या कार्डांना केलेला नमस्कार आहे. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपर सेव्हन या कंपनीने 'एलियन' या सिनेमाच्या फिगर आणल्या त्या केनरने १९७९ च्या सुमारास करून ठेवलेल्या आणि कधीच बाजारात न आणलेल्या नमुन्यांवरून. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढ्या पाचच जागी हलणारी साधी फिगर, पण कार्डावरचं चित्र, अक्षरं, फिगर ज्यात बसते तो प्लॅस्टिकचा फुगा हे सगळं मिळून ती वस्तू पुरी होते. तो फुगा एकदा कार्डापासून सुटला की परत बसत नाही. भिंतीवर एका ओळीत टांगा, सुंदर दिसतील.

या उत्तराने फाटलेल्या तीन बॉक्सचा प्रश्नही बराचसा मिटतो. उघडून ठेवायचंच असेल तर बॉक्स गेला म्हणजे मोठं काही गेलं नाही. खिडकीचं प्लॅस्टिक काढून बाकीचा पुठ्ठा सपाट करून ठेवा, पुढे विकताना फाटका का होईना बॉक्स असला तर बरं.

ज्याचं डोकं निघालं तो पॉप बहुधा मार्व्हल किंवा 'स्टार वॉर्स'चा असणार, कारण स्प्रिंगवर हलणारं डोकं प्रामुख्याने त्यांनाच असतं. या पात्रांच्या ॲक्शन फिगरचे, म्हणजे हातपाय हलणाऱ्या बाहुल्यांचे, हक्क हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे आहेत, त्यामुळे फंको ती पात्रं डोकं हलणाऱ्या बाहुल्या म्हणून विकते. दुरुस्ती घरी होते. स्प्रिंग आणि तिची खाच पुसून घ्या, स्प्रिंग नुसती दाबून बसते का बघा. बसत नसेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद काडीच्या टोकावर घेऊन अगदी थोडा लावा आणि फिगर रात्रभर आडवी ठेवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरट थर येतो. स्प्रिंग नसलेल्या पॉपची मान सुटली असेल तर गोंदाचीही गरज नाही. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दिली की विनाइल, म्हणजे पॉपचं प्लॅस्टिक, मऊ पडतं आणि मान खाचेत बसते. भाच्याच्या हाताचे डाग असतील तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर जवळही आणू नका, रंग निघून येईल.

आता भाचा. पाच वर्षांच्या मुलाच्या हातून वस्तू परत घेऊ नका. त्याला ती आजीने दिली, त्याच्या दृष्टीने ती भेट आहे. ती काढून घेतली तर त्याला फक्त एवढंच कळेल की मामीने खेळणं हिसकावलं. तो पॉप आजही दुकानात मिळत असेल तर तो त्यालाच राहू द्या आणि मनातूनही सोडून द्या. त्याचं उत्पादन बंद झालं असेल, किंवा तो कुणी खास दिलेला असेल, तर नणंदेला फोन करा, मुलाला मध्ये न आणता. 'ताई, तो पॉप आता मिळत नाही, माझ्यासाठी खास आहे, त्याच्यासाठी मी दुसरं खेळणं घेऊन येते, मग अदलाबदल करू' असं म्हणा, आणि खरोखर आधी खेळणं न्या. तेही असं न्या, की आपटलं तरी चालेल, ज्याचे हातपाय हलतात, जे बादलीत बुडवता येतं. पॉप खेळायला चांगला नसतोच. तो उभा राहण्यापलीकडे काही करत नाही. नणंदेला आणखी एक सांगा : भाच्याहून लहान मूल घरात असेल तर पॉप त्याच्या हाती लागू देऊ नका. सुटलेली स्प्रिंग, पात्राच्या हातातली छोटी वस्तू तोंडात जाऊ शकते.

पुढच्या सुट्टीत तो पुन्हा येईल. त्याच्यासाठी शेल्फचा सगळ्यात खालचा कप्पा ठेवा, त्यात फाटक्या बॉक्समधल्या तिघांपैकी एखादा आणि त्याची स्वतःची खेळणी. वरच्या कप्प्यांना काच आणि कुलूप. कुलूप सासूबाईंवर अविश्वास म्हणून बसवायचं नाही, आणि तसं बोलायचंही नाही. लहान मूल येतं म्हणून काच, एवढंच. किल्ली कुठे असते ते त्यांना माहीत असू द्या.

काचेचं कपाट सुताराकडून करून घेणार असाल तर जागेकडे नीट लक्ष द्या. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. दुपारनंतरचं ऊन रंग उडवतं आणि पांढरं प्लॅस्टिक पिवळं पाडतं, आणि पिवळेपणा धुऊन जात नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. मागे दोन बोटं जागा सोडा. बंद कपाटात विनाइलमधला तेलकट अंश हळूहळू वर येतो आणि फिगर चिकट लागायला लागते, त्यामुळे काच पूर्ण हवाबंद करू नका आणि महिन्यातून एखाद्या कोरड्या दिवशी दार उघडं ठेवा. चिकट झालेली फिगर साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवली की बहुतेक वेळा सुधारते.

बॉक्स आणि कार्डांना पावसाळ्याचा धोका जास्त. पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, मग बुरशी आणि कसर. झुरळांना खळ आवडते, तीही चिकटवलेल्या कडा कुरतडतात. जून ते सप्टेंबर कप्प्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या मिळतात, बदलला की मंद तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या मात्र अजिबात नकोत. आपण कपड्यांत सवयीने टाकतो, पण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते आणि एकदा चेहरा विद्रूप झाला की इलाज नाही. ठेवलेल्या बॉक्सना पारदर्शक प्रोटेक्टर घ्यायचा तर कडक पीईटीचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा) घ्या, मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचा नको. आणि काहीही झालं तरी माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये माळा किती तापतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एका रविवारी बसून यादी करा. पात्र, पॉपचा क्रमांक, कधी घेतला, कितीला, बॉक्स आहे की नाही, आणि प्रत्येकाचे दोन फोटो. ही यादी नवऱ्याला पाठवा. घरात किंमत लपवण्याचा विषय तिथेच संपतो, आणि एकूण खर्चाचा आकडा तुम्हालाही एकदा समोर दिसू द्या. तो पाहून तुम्ही महिन्याची मर्यादा ठरवाल तर ती तुमची असेल, कुणी घातलेली नसेल.

छंदाला पैसा आणि जागा देणं यात आपल्याकडे काही नवं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, पत्नी कमलाबाई त्यांच्यासोबत राबल्या, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते संग्रहालय उभं राहिलं. सासूबाईंना घेऊन एकदा जा. तिथली अडकित्त्यांची मांडणी बघताना त्या स्वतःहून काही बोलतील अशी मला आशा आहे.

उरली मागवलेली फिगर. रद्द करू नका, पण दोन गोष्टी तपासा. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवर आपल्याकडे सीमाशुल्क लागतं. २०२० मध्ये ते २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेलं. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत शुल्क धरलंय की कुरिअरवाला दारात मागणार आहे ते लेखी विचारा आणि आजचा दर काय आहे तेही बघा. सगळं मिळून किंमत दुप्पट होत असेल आणि तीच फिगर इथे कुणा संग्राहकाकडे मिळत असेल, तर रद्द करण्यात शहाणपण आहे. दुसरं, पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सील तोडण्यापासून. नकली पॉप सर्रास विकले जातात. बॉक्सच्या तळावरचा उत्पादन क्रमांक आणि फिगरच्या पायाखालचा क्रमांक जुळतात का, छपाई धूसर आहे का, डोळ्यांच्या कडेला रंग सांडलाय का, हे व्हिडिओत दिसलं पाहिजे. मग तक्रार करायची वेळ आली तर पुरावा हातात राहतो.